पत्ता ही अमानत

शाळेच्या फळ्यावर लिहिलेली सूचना जो शाळेत येतो तोच वाचतो. आपल्या कोकणी मुस्लिम घरांची अडचण इथूनच सुरू होते. पेणहून रोह्याकडे निघालेल्या गाडीचे पुढचे स्थानक कासू. कासू, नागोठणे, निडी, रोहा या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कर्ता पुरुष गावात नसतो. कुणी रोज पहाटेच्या गाडीने पनवेल-मुंबई गाठतो, कुणी कुवेत, दुबई, दोह्याला असतो आणि वर्षा-दोन वर्षांनी घरी येतो. मुलांची तालीम अम्मीच्या भरवशावर चालते. कागदपत्रे मात्र अब्बांच्या नावावर असतात आणि घरातला चांगला मोबाइल बहुधा त्यांच्याच खिशात असतो.

अशा वेळी एखाद्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख गुपचूप येते आणि निघून जाते. उदाहरण म्हणून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस घ्या. आठवीत परीक्षा द्यायची. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. हुशार मूल आपल्याकडे असते, गरजही असते. उणीव राहते ती वेळेवर कळण्याची. उत्पन्नाचा दाखला एका दिवसात हाती पडत नाही. शेवटच्या आठवड्यात कळले तर कळूनही उपयोग नसतो.

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी महिन्यातून एकदा पालकांना ईमेलने पत्र पाठवायचे ठरवले. परीक्षांच्या तारखा, लागणारे दाखले, अर्ज कुठे भरायचा, एवढाच त्याचा मजमून. पत्र लिहिणे सोपे असते. ज्यांना पाठवायचे त्यांची यादी बनवणे आणि ती सांभाळणे हे खरे काम. कुणाला आपल्या मोहल्ल्याच्या वाचनालयासाठी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी किंवा महिलांच्या बचतगटासाठी असे पत्र सुरू करायचे असेल तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहोत.

व्हॉट्सअॅप असताना ईमेल कशाला?

हा पहिला प्रश्न. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर इतर सगळ्यांना दिसतो. एखाद्या भगिनीने मुलीच्या परीक्षेची माहिती मिळावी म्हणून नंबर दिला, तर तो शंभर अनोळखी माणसांच्या हाती जातो. या भीतीने कित्येक आया ग्रुपमध्ये येतच नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची समाजमाध्यमांवरची छायाचित्रे उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारी अॅप्स निघाली होती. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. तेव्हापासून आपल्या घरांत नाव-पत्ता देताना हात आखडतो, यात नवल काय?

दुसरी गोष्ट शोधण्याची. ग्रुपमधली सूचना सुप्रभात, मुबारकबाद आणि निधनाच्या बातम्यांखाली संध्याकाळपर्यंत गाडली जाते. तिच्यावर बहुधा वर्षही नसते. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. तिचा जुना मेसेज कुणी पुढे ढकलला तर वाचणाऱ्याला ते कसे कळणार? ईमेलवर तारीख असते, पाठवणाऱ्याचे नाव असते आणि एक शब्द टाकला की सहा महिन्यांपूर्वीचे पत्रही सापडते. कुवेतमधल्या अब्बांना आणि कासूतल्या अम्मीला तेच पत्र एकाच वेळी मिळते, आणि यादीत आणखी कोण आहे हे दोघांनाही दिसत नाही.

न विचारता पाठवलेले पत्र

यादी करायची म्हटले की पहिला मोह होतो तो तयार यादी उचलण्याचा. कुणीतरी भल्या मनाने म्हणतो, “जमातीच्या रजिस्टरमध्ये सगळ्यांचे नंबर आहेत, घेऊन टाका.” शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतही पत्ते असतात. पण जमातीच्या रजिस्टरमधला पत्ता वर्गणीसाठी दिलेला असतो आणि शाळेच्या वहीतला प्रवेशासाठी. एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामाला वापरायची तर मालकाची इजाजत लागते. अमानतीचा हा साधा कायदा आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असतो.

तयार यादीचा अनुभव आपल्या उर्दू पत्रकारितेनेच घेतलेला आहे. लाहोरला सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी १ जुलै १८९८ रोजी ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक सुरू केले. ‘अनारकली’ नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज हे याच दांपत्याचे चिरंजीव. साप्ताहिकाला वाचक कुठून आणायचे? मुमताज अलींनी सरकारी अधिकाऱ्यांची छापील यादी, म्हणजे सिव्हिल लिस्ट घेतली आणि तिच्यातल्या पत्त्यांवर अंक पाठवून दिले. बरेचसे अंक परत आले, काहींवर तर शिव्या लिहिलेल्या होत्या. तीन महिन्यांनी वर्गणीदार होते जेमतेम साठ-सत्तर. पण हे साठ-सत्तर मागून घेणारे होते. त्यांच्यावरच साप्ताहिक टिकले. वर्गणीदार सावकाश वाढत गेले. मुहम्मदी बेगम १९०८ मध्ये गेल्या, तरी त्यांचे साप्ताहिक पुढे चार दशके चालले.

ऐंशी वर्षांनी अमेरिकेत हाच प्रकार ईमेलच्या बाबतीत घडला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. पत्ते घेतले होते छापील डिरेक्टरीतून. लोक भडकले. आज त्या पत्राला जगातली पहिली ‘स्पॅम’ मेल म्हणतात. सिव्हिल लिस्ट काय आणि डिरेक्टरी काय, ज्याने पत्र मागितले नाही त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मोठी यादी आणि आपली यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव नोंदवताना

आमची नोंदणी पालकसभेत होते. कागदावर चारच रकाने आहेत: पालकाचे नाव, ईमेल पत्ता, पाल्याची इयत्ता, पत्र मराठीत हवे की उर्दूत. आधार नाही, उत्पन्न नाही, मुलाचे नाव नाही, घरचा पत्ताही नाही. पत्र पाठवायला जे लागत नाही ते विचारायचे नाही. जे आपल्याजवळ नाही ते आपल्याकडून हरवतही नाही.

कागदाच्या माथ्यावर तीन वाक्ये ठळक लिहिलेली असतात. या पत्त्यावर महिन्यातून एक पत्र येईल. पत्ता दुसऱ्या कुणालाही दिला जाणार नाही. नको वाटेल त्या दिवशी पत्र बंद करता येईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही वाक्ये वाचून दाखवायची आणि मगच पत्ता लिहून घ्यायचा. शेजारणीचे नाव शेजारणीने स्वतः द्यायचे. “तिचंही टाका, ती काही म्हणणार नाही,” हे चालत नाही. तसेच अब्बांनी पत्ता दिला म्हणजे अम्मीचा झाला असे नाही. दोघांना हवे तर दोन नोंदी. ज्यांना जमते त्यांच्यासाठी गूगल फॉर्मवर हेच रकाने ठेवता येतात. फक्त त्या फॉर्मची उत्तरे सर्वांना दिसणार नाहीत, हे एकदा तपासून घ्यावे.

कागदावरून पत्ता उतरवताना खरी परीक्षा होते. आपली आडनावे उर्दूतून रोमन लिपीत जाताना अनेक रूपे घेतात. ‘शेख’मधल्या ‘श’ नंतर कुणी ‘ए-आय’ लिहितो, कुणी ‘ई-आय’, कुणी दोनदा ‘ई’, आणि शेवटचा ‘एच’ कुणी टाकतो, कुणी गाळतो. ‘कुरेशी’ काहींकडे ‘क्यू’ने सुरू होते, काहींकडे ‘के’ने. माणूस समजून घेतो, ईमेल समजून घेत नाही. एक अक्षर चुकले की पत्र परत येते, किंवा त्याच नावाच्या भलत्याच माणसाकडे जाते. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांचा घोटाळा वेगळाच.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे दुहेरी होकार. कागदावर पत्ता आला की लगेच पत्रे सुरू करायची नाहीत. आधी एक छोटी मेल जाते: “आपण पालकपत्रासाठी नाव दिले आहे. हवे असल्यास इथे दाबा.” समोरच्याने दाबले तरच नाव यादीत येते. पत्ता चुकलेला असेल तर तो इथेच कळतो. आणि दुसऱ्या कुणी आपल्या नावाने पत्ता दिला असेल, तर नुसते काही न करण्याने सुटका होते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडते. बऱ्याच घरांत ईमेल पत्ता असतो, पण तो मोबाइल घेताना दुकानदाराने उघडून दिलेला असतो. पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, फोन बदलला की पत्ता गेला. त्यामुळे पालकसभेत पंधरा मिनिटे पासवर्ड बदलायला आणि तो घरच्या वहीत लिहून ठेवायला द्यावीत. आखातात असलेल्यांनी कंपनीचा पत्ता देऊ नये. नोकरी सुटली की तो पत्ताही सुटतो.

मुलांचा नव्हे, पालकांचा पत्ता

आठवीतला मुलगा म्हणतो, “सर, माझाच ईमेल घ्या, अम्मीला जमत नाही.” त्याचे म्हणणे खरे असते, पण त्याचा पत्ता घ्यायचा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. घरगुती वापराला कायदा लागू नाही, म्हणजे आपल्या फोनमधली नातेवाइकांची यादी त्यात येत नाही. पण शाळा, संस्था, जमात यांनी केलेली यादी घरगुती म्हणता येत नाही.

या कायद्यातल्या दोन गोष्टी आमच्या कामाच्या आहेत. पहिली ही की संमती खुल्या मनाने, समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली हवी, आणि ती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. दुसरी भाषेची आहे. माहिती कशासाठी घेतली जाते हे इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. तेव्हा इंग्रजीतल्या लांबलचक मजकुराखाली आपल्या माणसांनी मुकाट सही करावी, याला आता कायद्याचाही आधार उरत नाही.

पाठवायचे कसे?

थोडे पत्ते असतील तर साध्या जीमेलवर भागते. फक्त सगळे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकायचे, ‘टू’ किंवा ‘सीसी’च्या नाही. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, जुन्या टंकलेखनात कार्बन कागद घालून काढायचे तशी प्रत. ती कुणाकुणाला गेली हे सगळ्यांना दिसते. बीसीसीतली नावे कुणालाच दिसत नाहीत. ‘टू’मध्ये आपलाच पत्ता घालावा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे पाचशे जणांनाच पत्र पाठवता येते, हेही ध्यानात ठेवावे.

यादी वाढली की गूगल ग्रुप्स बरे पडते आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यात तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. पत्र फक्त व्यवस्थापकच टाकू शकेल. सदस्यांची यादी फक्त व्यवस्थापकालाच दिसेल. आणि नवे नाव थेट न जोडता आमंत्रण पाठवून जोडले जाईल. आमंत्रण स्वीकारणे हाच आपला दुहेरी होकार. याहून मोठ्या कामासाठी मेलचिंप, ब्रेवो, चेन्नईच्या झोहोची कॅम्पेन्स अशा सेवा आहेत. त्यांच्या मोफत मर्यादा बदलत असतात, म्हणून सुरू करताना त्या दिवशीच्या अटी वाचाव्यात.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्याच्या फोनवर गिचमिड दिसतो. उर्दूचे पत्र बरेच जण इनपेजमध्ये करून चित्र म्हणून जोडतात. नस्तालीक सुंदर दिसते खरे, पण चित्रातला शब्द शोधून सापडतोच असे नाही आणि अंधूक नजरेच्या दादाजींचा फोन ते वाचूनही दाखवत नाही. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाची सूचना’ लिहिण्यापेक्षा ‘एनएमएमएस: उत्पन्नाचा दाखला याच महिन्यात काढा’ असे लिहावे. उघडले नाही तरी निम्मे काम होते.

यादीची निगा

यादी ही परसातल्या अळूसारखी, लक्ष दिले नाही तर माजते. प्रत्येक पत्रानंतर काही पत्रे परत येतात. त्यांतली काही कायमची, म्हणजे पत्ताच अस्तित्वात नसतो. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे. असे पत्ते यादीतून काढावेत आणि त्या पालकाला मुलामार्फत चिठ्ठी पाठवून नवा पत्ता विचारावा. काही पत्रे तात्पुरती परततात, कारण पेटी भरलेली असते. जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा मोफत असते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणजे सुप्रभातच्या फुलांनी जागा भरली की शिष्यवृत्तीचे पत्र दारातूनच परत. बॅकअपमधून व्हिडिओ वगळायला सांगितले की बहुतेकांची अडचण सुटते.

पत्र स्पॅमच्या खणात जाते अशी तक्रार येतेच. नव्या पालकाने पहिले पत्र आले की पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्कात जतन करावा. पण मूळ उपाय आपल्याच हातात आहे. वाचणाऱ्याने ‘स्पॅम’चे बटण दाबले की जीमेलच्या दृष्टीने पाठवणाऱ्याची पत घसरते. बंद करण्याचा सोपा मार्ग सापडला नाही की माणूस तेच बटण दाबतो. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियमच घातला: एका टिचकीत नाव काढता आले पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. आपण एवढे मोठे नाही, पण नियम चांगला आहे. आमच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ओळ असते: “पत्र नको असल्यास ‘बंद’ एवढेच उत्तर पाठवा.” उत्तर आले की त्याच आठवड्यात नाव काढायचे. का, कशाला, कोण काय म्हणाले, हे विचारायचे नाही. दारावर थाप दिली आणि आतून नको म्हटले तर माघारी फिरणे, हीच आपली तहजीब.

मूल शाळा सोडून गेले की जूनमध्ये पालकांना एकदा विचारायचे: पत्र पुढे हवे का? होकार आला नाही तर नाव काढायचे. काम संपल्यावर अमानत परत करायची असते.

यादी कुणाच्या हाती?

यादी दोनच शिक्षकांकडे असावी. एकाकडेच असली तर त्याच्या बदलीबरोबर तीही जाते, आणि पाच-सहा जणांकडे असली तर ती कुणाचीच राहत नाही. पेनड्राइव्हवर ती फिरू नये, सायबर कॅफेच्या संगणकावर उघडू नये, आणि खात्याला दुपदरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, लावलेला असावा. निवडणुकीचा काळ आला की यादीची मागणी होते. क्लासवाले मागतात, विमावाले मागतात, कधी आपलेच नातेवाईक आपल्या नव्या दुकानासाठी मागतात. प्रत्येकाला एकच उत्तर: आपला मजमून द्या, योग्य वाटला तर आमच्या पत्रात एक ओळ घालू. यादी मिळणार नाही.

कारण अशी यादी वाईट हाती पडली तर फसवणुकीचे आयते साधन होते. ‘आपल्या पाल्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी पाठवा’ अशी मेल अनोळख्याला आली तर तो दुर्लक्ष करील. ज्याने खरोखरच अर्ज भरला आहे तो पालक मात्र फसेल. म्हणून पत्रात अधूनमधून छापावे: आम्ही कधीही ओटीपी, आधार क्रमांक किंवा पैसे मागत नाही. कुणी मागितले तर ते पत्र आमचे नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

हे सगळे वाचून वाटेल, एका साध्या पत्रासाठी केवढा हा व्याप! खरे तर महिन्याला एक संध्याकाळ पुरते. आधी परत आलेली पत्रे पाहायची, ‘बंद’ म्हणणाऱ्यांची नावे काढायची, नव्यांना आमंत्रणे पाठवायची आणि मग पत्र लिहायला बसायचे. क्रम हाच ठेवावा, पत्र शेवटी. यादी लहान राहिली तरी चिंता नसावी. ‘तहजीब-ए-निस्वाँ’ साठ-सत्तर घरांवर उभी राहिली होती. आपल्या मोहल्ल्यात पंचवीस आया स्वतःच्या हाताने पत्ता लिहून देत असतील, तर सुरुवातीला तेवढ्या पुष्कळ आहेत.